वनांचा जमाखर्च

आषाढाचे मेघ विंध्याच्या माथ्यावर दाटू लागले की माळव्यातील शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. पाहुणे येतात, कुदळीचा पहिला घाव घातला जातो, रोपाभोवती आळे केले जाते, कुंकू-अक्षतांनी त्याची पूजाही होते. पुढे वर्षअखेरीस निघणाऱ्या वार्षिक अंकातील शालेय वृत्तांतात एक ओळ हमखास असते : यंदा शाळेने इतकी रोपे लावली. पुढील वर्षीच्या अंकात तीच ओळ नव्या आकड्यासह पुन्हा येते. गतवर्षीच्या रोपांपैकी किती जगली, किती उन्हाने करपली, किती शेळ्यांच्या मुखी गेली, याचा उल्लेख मात्र सहसा कोठेही आढळत नाही.

एखाद्या दुकानदाराने केवळ आवक लिहावी आणि दुकानात शिल्लक माल किती हे कधीच पाहू नये, तर त्याच्या व्यवहारचातुर्याविषयी आपण काय म्हणू? वृक्षांच्या बाबतीत आज आपण सर्वच तसे दुकानदार झालो आहोत. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे की, झाडांवर प्रेम असणाऱ्याने झाडांचा हिशेब ठेवला पाहिजे. आणि हा हिशेब ठेवण्याचे काम शाळेतील मुले उत्तम रीतीने करू शकतील.

वृक्षारोपणाची प्रथा चांगलीच आहे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. स्वातंत्र्यानंतर अन्नमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी आपल्या हातांनी माती उकरून रोप लावण्याचा आनंद घेतला आहे. परंतु उत्सवाची भूक आकड्यांनी वाढत जाते. २ जुलै २०१७ रोजी आपल्या मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. १४ जुलै २०२४ रोजी इंदूर नगरीने एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदविला. हे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. पण रोपाचे खरे भवितव्य ठरते ते लावणीच्या दिवशी नव्हे, तर पुढील दोन उन्हाळ्यांत. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांनी कोवळ्या मुळ्या तुटतात, हे येथील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहे. जेथे लावणीची मोजदाद लाखांनी होते, तेथे दोन वर्षांनी जगलेल्या झाडांचीही मोजदाद तितक्याच गाजावाजाने का होऊ नये?

झाडे मोजण्याचे शास्त्र नवे नाही. ते कसे जन्मले, याची कथा मनोरंजक आहे. १८५६ साली डीट्रिख ब्रँडिस नावाचा एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांवर देखरेखीसाठी नेमला गेला. त्या अफाट अरण्यात साग किती आहे, हे कोणासच माहीत नव्हते. सर्व वने पालथी घालणे अशक्य. तेव्हा ब्रँडिस हत्तीवर बसून डोंगरांच्या धारांवरून सरळ रेषेत जाऊ लागला. दमट हवेत कागद टिकत नसे. म्हणून त्याने हातात चार काठ्या घेतल्या. लहान, मध्यम, मोठा आणि पूर्ण वाढलेला अशा सागाच्या चार वर्गांसाठी चार काठ्या. वाटेत ज्या वर्गाचा साग दिसे, त्या वर्गाच्या काठीवर तो चाकूने एक खाच पाडी. दिवसाखेर खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील सागाचा हिशेब तयार. पाहिलेल्या पट्ट्यावरून न पाहिलेल्या वनाचा अंदाज बांधण्याची ही पद्धत, म्हणजे ज्यास आपण नमुना-पाहणी म्हणतो तिचाच एक प्रकार होय. आपली गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करते, त्याच न्यायाची ही शास्त्रीय आवृत्ती. पुढे १८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला मुख्य वनाधिकारी झाला.

या खाचांमधून त्याने एक नियम काढला. एक वर्ग पार करून वरच्या वर्गात जावयास झाडाला किती वर्षे लागतात हे कळले की, दरवर्षी किती नवी झाडे पूर्ण वाढीस येतील हे कळते. मग तितकीच तोडावी, अधिक नाही. सावकारी भाषेत सांगावयाचे तर उभे वन हे मुद्दल आणि त्याची वार्षिक वाढ हे व्याज. व्याजावर जगणारे घराणे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुद्दलाला हात घालणारे एका पिढीत रस्त्यावर येते. हा विचार युरोपात १७१३ साली कार्लोवित्स नावाच्या सॅक्सनीतील खाणकाम-अधिकाऱ्याने ग्रंथरूपाने मांडला होता. खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेनासे झाले, तेव्हा त्याला वनाचा जमाखर्च सुचला. गरजेच्या पोटी शास्त्र जन्मते ते असे.

वृक्ष स्वतःही आपला हिशेब ठेवीत असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना विशेष कौतुकाची वाटेल. सागाचा बुंधा आडवा कापला तर त्यात एकाभोवती एक अशी कडी दिसतात. पानगळीनंतर नवी पालवी फुटते तेव्हा बनणारे लाकूड सच्छिद्र असते, तर पुढे वर्षभर बनणारे दाट असते. त्यामुळे दर वर्षाचे कडे वेगळे ओळखता येते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षाचे कडे सामान्यतः अरुंद, सुकाळाचे रुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ पंत आणि बोरगावकर यांनी ठाण्याकडील सागाच्या कड्यांचा पावसाशी असलेला संबंध १९८३ साली प्रसिद्ध केला. पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी आपल्या शेजारच्या होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातील सागाच्या कड्यांवरून जुन्या काळच्या पावसाळ्यांचा अंदाज बांधला आणि २००७ साली तो प्रसिद्ध केला. पर्जन्यमापके नव्हती त्या काळी सातपुड्यातील साग उभ्या उभ्या पावसाची रोजनिशी लिहीत होते! ती रोजनिशी वाचावयास तोडलेला ओंडकाच लागतो असे नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी बारीक सळई बुंध्यातून काढूनही ती वाचता येते आणि झाड जिवंत राहते.

येथवर वनशास्त्राची थोरवी सांगितली. पण नाण्याची दुसरी बाजू न दाखविणे हे शिक्षकाच्या धर्मास धरून होणार नाही. मोजणारा नेहमी काहीतरी मनात धरून मोजतो. ब्रँडिसच्या चार काठ्यांवर केवळ सागाच्या खाचा होत्या. मोह, तेंदू, चारोळी, आवळा, धावडा यांना काठीच नव्हती. जहाजांना आणि लोहमार्गांना लागणारे लाकूड तेवढे मोलाचे आणि बाकीचे रान, असा तो हिशेब होता. आपल्या नर्मदेपलीकडील बोरी येथील वन १८६५ साली राखीव झाले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. त्याच वर्षी पहिला वनकायदा झाला, १८७८ साली तो अधिक कडक झाला आणि १९२७ च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. या कायद्यांनी साग वाचला असेल. परंतु मोहाची फुले वेचून चैत्र-वैशाखात लेकरांचे पोट भरणारी गोंड-कोरकू माता त्याच वनात चोर ठरली. मोहाचा वृक्ष तोडला तर लाकूड एकदाच मिळते. उभा राहिला तर फुले आणि टोळी कित्येक दशके मिळतात. कोणता हिशेब खरा? दोन्ही आकडे शास्त्रीयच आहेत. फरक एवढाच की, एका वहीत व्यापाऱ्याचा जमाखर्च आहे आणि दुसरीत कुटुंबाचा.

शास्त्राच्या नावाने मांडलेला हिशेबही चुकतो, आणि तो चुकला म्हणजे वनाचा केवढा घात होतो, याचे उदाहरण आमच्याच मुलखातले आहे. आमची मातृभाषा कोकणी आणि मूळ गाव कारवारकडचे. तेथून घाट चढून गेले की दांडेलीचे बांबूचे रान लागते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला. उत्तर कानडा जिल्ह्यातील वनांतून दरवर्षी सुमारे दीड लाख टन बांबू अखंड मिळत राहील, या अंदाजावर त्याला नाममात्र दराने बांबू देण्यात आला. प्रत्यक्षात पुढे वर्षाकाठी मिळणारे उत्पन्न चाळीस हजार टनांच्या घरात आले. बांबू झपाट्याने ओसरू लागला, बुरूड कारागीर हवालदिल झाले, तेव्हा १९७० च्या दशकात कर्नाटक शासनाने या प्रश्नाचा अभ्यास पुण्यात जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करणारे डॉ. माधव गाडगीळ यांच्याकडे सोपविला.

गाडगीळांनी कचेरीतील कागदांवर विसंबून न राहता रानात जाऊन बांबूची बेटे मोजली. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. पहिली ही की, पूर्वीचे अंदाज वास्तवाच्या कितीतरी पट फुगविलेले होते. दुसरी अधिक मार्मिक होती. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट कुंपण असते. तोड सोपी व्हावी आणि बेटाला मोकळीक मिळून ते फोफावावे, म्हणून हे काटे साफ करावेत, असा वनखात्याचा शास्त्रोक्त नियम होता. गावकरी मात्र सांगत होते की, काटे काढले म्हणजे कोवळे कोंब गुरे खातात आणि बेट मरते. मोजमाप केल्यावर गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ज्याला खाते कचरा समजत होते, ते निसर्गाने घातलेले कुंपण होते.

या प्रसंगातून आम्ही जो बोध घेतो तो असा. गावकऱ्याचे अनुभवाचे ज्ञान आणि शास्त्रज्ञाचे मोजमापाचे ज्ञान ही परस्परांची वैरी नाहीत. गावकऱ्याने प्रश्न कोठे आहे ते दाखविले, मोजमापाने उत्तराला आकड्याचे बळ दिले. केवळ गावकऱ्याचा शब्द असता तर अधिकाऱ्यांनी तो हसण्यावारी नेला असता. केवळ आकडा असता तर तो चुकीच्या ठिकाणी मोजला गेला असता. मधल्या काळात ज्या रानाचा बळी गेला, तो या दोघांची भेट उशिरा झाल्यामुळे.

आपल्या मराठी राज्यकर्त्यांस हा विवेक अपरिचित नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात ग्रथित केले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात वृक्षांविषयी स्पष्ट ताकीद आहे. गलबतांना लागणारे साग-शिसवीसारखे वृक्ष आपल्या राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावेत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढविलेली असतात. अगदीच एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. या ताकिदीत वृक्षाच्या वाढीचा काळ आहे, वापराचा विचार आहे आणि धन्याच्या संमतीलाही मान आहे. वनव्यवस्थापनाची आजची जाडजूड पुस्तके याहून फार निराळे काय सांगतात?

आणि हा विवेक केवळ ग्रंथात राहिला नाही. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आपल्या परंपरागत वनावर दावा केला आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळविला. हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू हा वृक्षांत गणला गेला होता. वनस्पतिशास्त्रानुसार तर तो गवताच्या कुळातला. अखेर एप्रिल २०११ मध्ये वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार गावाच्या ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने या गावात अभ्यासगट चालत आले. गावकरी आपल्या वनाची माहिती स्वतः गोळा करीत, तिच्यावर चर्चा करीत आणि सर्वसहमतीने निर्णय घेत. ज्यांना कालपर्यंत रानाचे शत्रू ठरविले होते, त्यांनीच रानाची वही हाती घेतली.

कोणी म्हणेल, आता आकाशातून उपग्रह पाहत असताना काठ्यांवर खाचा पाडीत कोण बसणार? १९८१ साली डेहराडून येथे भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि १९८७ पासून ती देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढीत आली आहे. २०२३ च्या अहवालानुसार वनाच्छादनाच्या क्षेत्रात आपला मध्य प्रदेश सर्व राज्यांत पहिला असून त्याचे वनाच्छादन सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर आहे. देशातील वने आणि इतर वृक्ष मिळून एकंदर भूमीच्या २५.१७ टक्के आच्छादन भरते. हे काम मोठे आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि आकडा वाचताना व्याख्याही वाचावी. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या भूमीवर वृक्षांच्या माथ्यांची छाया दहा टक्क्यांहून कमी नाही, ती सर्व या हिशेबात वन ठरते. मग तेथे जुने अरण्य असो, आमराई असो की आमच्याकडची पोफळीची बाग असो. वरून पाहणाऱ्याला हिरवे तेवढे दिसते. त्या हिरव्याखाली कोणत्या जातीची किती झाडे आहेत, रोपे उगवत आहेत की केवळ म्हातारी झाडे उरली आहेत, हे पाहावयास खाली उतरावे लागते, आणि हाती दोरी घ्यावी लागते. म्हणूनच उपग्रहाच्या जोडीला वनखात्यांची माणसे जमिनीवर नमुन्याची क्षेत्रे आखून झाडे मोजतात.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपला देवास जिल्हा निसर्गाने दोन भागांत विभागला आहे. विंध्याच्या कड्याखाली बागली, कन्नौद, खातेगावकडे सागाची पानझडी वने आहेत. त्यांतच सुमारे १३० चौरस किलोमीटरचे खिवनी अभयारण्य आहे. कड्याच्या वर देवास, टोंकखुर्द, सोनकच्छ ही काळ्या मातीची पठारी शेती. खाली पडलेला थेंब नर्मदेवाटे पश्चिम समुद्राला जातो. वर पडलेला कालीसिंध-चंबळवाटे यमुना-गंगेला मिळतो. सोनकच्छच्या घाटावरून वाहणारी कालीसिंध बागलीच्याच डोंगरात उगम पावते. म्हणजे आपल्याकडे वन नाही म्हणून वनाशी आपला संबंध नाही, असे सोनकच्छकरांस म्हणता येत नाही. नदीच्या माथ्यावर वन आहे आणि नदीच्या काठावर आपण आहोत.

हिशेब न ठेवल्याचे फळ काय असते, हे या जिल्ह्याने एकदा चाखले आहे. १९९० साली देवास शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले. वने तुटली म्हणून पाणी आटले, असे सोपे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांस देणार नाही. झाडेही पाणी पितात, आणि वनाचा पाण्याशी असलेला संबंध जमीन, जात आणि पाऊस यांप्रमाणे बदलतो. देवासच्या दुःखाचे मोठे कारण असे की, नलकूप खोल खोल जात राहिले आणि भूगर्भात दरवर्षी किती पाणी मुरते, किती उपसले जाते, याचा जमाखर्च कोणी पाहिला नाही. व्याज संपून मुद्दल कधी संपू लागले, हे नळ कोरडे पडल्यावर कळले. जमिनीखालच्या पाण्याचे झाले, तेच जमिनीवरच्या झाडांचे होऊ द्यावयाचे काय? रस्ते रुंद होत आहेत, बांधावरची चिंच-लिंबाची झाडे यंत्राच्या नांगरटीस अडचण म्हणून जात आहेत. कोणते झाड कधी गेले, याची नोंद कोणाजवळ आहे?

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक शाळेने एक वृक्षवही ठेवावी. तीत गावातील किंवा निदान शाळेच्या आसपासच्या प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक द्यावा, त्याची जात व जागा लिहावी आणि दरवर्षी माघ महिन्यात त्याचा घेर मोजावा. महिना तोच असावा, कारण पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते आणि हिशेब चुकतो. घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे प्रौढ माणसाच्या छातीच्या उंचीवर घ्यावा. आपल्या देशातील वनखात्यांची हीच रीत आहे. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो : ज्या चिंचेचा घेर ३१४ सेंटिमीटर, तिचा व्यास बरोबर एक मीटर.

उंचीसाठी झाडावर चढावयास नको. चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, एक भुजा जमिनीला समांतर ठेवून कर्णाच्या रेषेतून झाडाचा शेंडा दिसेल इतके मागे सरावे. तुम्ही उभे आहात तेथून बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही झाडाची उंची. भूमितीचा पंचेचाळीस अंशांचा कोन परीक्षेत दोन गुण मिळवून देतो. येथे तो पिंपळाची उंची सांगतो.

बाजारातील एक गंमतही वर्गात करून पाहावी. इमारती लाकूड विकताना पूर्वी घेराची चौथाई घेऊन तिचा वर्ग करीत आणि लांबीने गुणीत. १२० सेंटिमीटर घेराचा आणि ५ मीटर लांबीचा ओंडका या रीतीने ०.४५ घनमीटर भरतो. वर्तुळाच्या सूत्राने तोच सुमारे ०.५७ घनमीटर येतो. साल आणि चौरस करताना जाणारी तूट सोडून देण्यासाठी ही रीत निघाली, हे खरे. पण ज्या भोळ्या विक्रेत्याला फरक माहीत नाही, तो एक पंचमांशाहून अधिक लाकूड विनामोल देऊन येतो. गणित येणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

जी नवी रोपे लागतील त्यांची नोंद याच वहीत वेगळ्या पानावर असावी : लावली किती, पहिल्या उन्हाळ्यानंतर उरली किती, दुसऱ्यानंतर किती, मेलेली कशाने मेली. शंभर रोपे लावून दहा जगण्यापेक्षा वीस लावून पंधरा जगली, तर तो वर्ग श्रेष्ठ मानावा आणि वार्षिक अंकात त्याचेच नाव छापावे. दहावीचा वर्ग शाळा सोडताना ती वही नववीच्या हाती समारंभपूर्वक सोपवील, यापेक्षा सुंदर निरोपसमारंभ आम्हांस सुचत नाही. वीस वर्षांनी या वहीचे मोल काय होईल, याचा विचार करा. माळव्याच्या काळ्या मातीत कडुनिंब किती वेगाने वाढतो, बाभूळ कोठे तग धरते, कोणत्या जातीचे रोप लावणे व्यर्थ आहे, याची उत्तरे आपल्या गावाजवळ स्वतःची असतील. वनसंशोधन हे डेहराडूनला किंवा जबलपूरलाच होते असे नाही. तेथील शास्त्रज्ञही काय करतात? काही झाडे निवडतात आणि वर्षानुवर्षे, न कंटाळता, पुन्हा पुन्हा मोजतात. हा चिकाटीचा गुण शाळेत अंगी बाणला तर आणखी काय हवे?

यावर आक्षेप येतील. एक म्हणजे, मोजल्याने झाड वाढते काय? तापमापकानेही ताप उतरत नाही. पण ताप आहे हे कळल्यावाचून औषध कोण देणार? दुसरा आक्षेप असा की, हे काम शासनाचे आहे. शासनाने आपले काम करावेच; परंतु दांडेलीचा धडा आपण नुकताच पाहिला. कागदावरचा आकडा खोटा असेल तर तो ओळखण्यासाठी नागरिकाजवळ स्वतःचा आकडा हवा. एखादे झाड धोकादायक म्हणून, जीर्ण म्हणून तोडावयास कोणी आले, तर त्याचा घेर गेल्या पाच वर्षांत किती वाढला हे सांगणारी मुले त्या गावात असली पाहिजेत. तिसरा आक्षेप भावनेचा आहे. झाड ही प्रेम करण्याची वस्तू, तिला आकड्यांत कशाला कोंडता? आमचे उत्तर असे की, ज्यावर आपला जीव असतो, त्याच्याच वाढीकडे आपले लक्ष असते. भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढून लेकराची उंची दरवर्षी पाहणारी आई काही त्याला आकड्यांत कोंडीत नाही.

शेवटी पालकांस एक विनंती. वृक्षवहीचे काम करणारी मुले दोरी घेऊन तुमच्या बांधावर, तुमच्या अंगणात येतील. अभ्यास सोडून हे काय चालविले आहे, असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्यांना आपल्या आंब्याचे वय सांगा, तो कोणी लावला ते सांगा, कोणत्या साली त्याला अमाप मोहोर आला होता तेही सांगा. ही माहिती कोणत्याही उपग्रहाला मिळणार नाही. ती तुमच्याबरोबर जाण्यापूर्वी वहीत उतरली पाहिजे. आणि पुढील वर्षी हा वार्षिक अंक हाती पडला की, किती रोपे लावली ही ओळ वाचून थांबू नका. गेल्या वर्षीची किती उरली, हे शाळेला विचारा. हा प्रश्न विचारणारे वाचक निर्माण झाले, तर त्याचे उत्तर देणारी शाळाही निर्माण झाल्यावाचून राहणार नाही.